तिसऱ्या चौकोनातली अक्का

"नानांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो," पप्पा आईला म्हणाले, तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्यांना वाटलं मी वर आहे. आई एवढंच म्हणाली, की अठ्ठावीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं सांगायचं असेल तर निदान जेवू घालून सांगा.

माझ्या हातात रेकॉर्डरचं मॅन्युअल होतं.

असलं काही मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मला भीतीपेक्षा कंटाळाच यायचा. शाळा कॉन्व्हेंट, घरात बोलणं कमी, आणि देवळात मी आईबरोबर जायचे ती चपला सांभाळायला. तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगते. त्याचा अर्थ मला आजही माहीत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात आमचं छोटं दुकान होतं — खाली दुकान, वर घर. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. बी.कॉम. होऊन मी घरी होते. दुकानात बसले तरी गिऱ्हाइकाशी बोलत नसे. एकदा एका बाईने नानांना विचारलं, पोरगी मुकी आहे का? नाना म्हणाले, "बोलस ना. पन इंग्रजीमा."

नाना म्हणजे आमचे कारागीर. रोज पाचोऱ्याहून रेल्वेने अप-डाऊन करायचे.

आमच्याकडे आधी एकच कॅमेरा होता आणि घरातलाच व्हीसीआर. दर तीन तासांनी कॅसेट बदलायची, ती सगळेच विसरायचे. शेजारच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा पप्पांनी नवीन सिस्टिमची चौकशी केली, आणि किंमत ऐकून आठवडाभर तो विषय काढला नाही. मग कळलं की धुळ्याच्या एका पेढीने आपला जुना टाइम-लॅप्स रेकॉर्डर विकायला काढलाय. पप्पा आणि मी एसटीने जाऊन तो मांडीवर घेऊन आलो. कॅमेरे चार झाले, तेही सेकंडहँड. चारही चित्रं एकाच टीव्हीवर चार चौकोनांत दिसायची. धुळ्याच्या मेकॅनिकला सगळे आबा म्हणत. त्यांनी सगळं जोडून दिलं, पण मॅन्युअल इंग्रजीत होतं, म्हणून मशीन माझ्याकडे आलं. ते आमच्या वरच्या खोलीत ठेवलं होतं.

या मशीनची एक गंमत होती. एका कॅसेटवर पूर्ण आठवडा मावायचा, कारण ते सलग चित्र न घेता सेकंदा-सव्वा सेकंदाला एकच चित्र घ्यायचं. त्यामुळे टेप बघताना माणसं चालत नसत, उड्या मारत. आत्ता दारात, पुढच्या क्षणी काउंटरपाशी. मधलं काही नाही. पप्पांना हे आठवड्याचं सेटिंग फार आवडलं. कोऱ्या कॅसेटही त्यांनी आणल्या नाहीत. घरात लग्नाच्या कॅसेट पडून होत्या. त्यांची मागची खाच मोडलेली होती, तिथे चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड करता येतं. माझ्या मामेबहिणीचं धुळ्यातलं लग्न असं पुसलं गेलं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी आत्या, पप्पांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली आणि आमच्याकडेच राहिली. सराफाच्या दुकानातला केर टाकून देत नाहीत. घासताना, कापताना उडालेले सोन्याचे कण त्यात असतात. तो डब्यात साठवतात आणि वर्षातून एकदा झारेकरी येऊन, धुवून त्यातलं सोनं काढतो. आमच्यात हा केर घरच्या बाईनेच काढायचा अशी रीत. अक्काने तो तीस वर्षं काढला. डाव्या हातात कुंचा, उजव्या हातात सुपली, उकिडवं बसून मागे मागे सरकत यायची. शेवटी उंबऱ्यावर कुंचा तीनदा आपटायची. तो आवाज वर ऐकू आला की आई चहा ठेवायची.

आदल्या थंडीत अक्का गेली. तिचा पितळी डबा अर्धा भरलेला होता. पप्पांना तो झारेकऱ्याला द्यायचा धीर झाला नाही. त्यांनी झाकणावर लाख ओतून दुकानाचा शिक्का मारला आणि डबा मागच्या खोलीत तिजोरीवर ठेवला.

तिच्यानंतर केर मी काढायचा होता. पण रस्त्याकडे तोंड करून उकिडवं बसायची मला लाज वाटायची. मी रोज काही ना काही कारण सांगायचे. शेवटी नानाच सकाळी केर काढायला लागले, एका प्लास्टिकच्या बरणीत. पप्पांना ते आवडलं नव्हतं, पण मला कोणी बोललं नाही.

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या मोत्याच्या कुड्या फिरकी बदलायला आल्या होत्या. लग्नातल्या, सासूने घातलेल्या. बुधवारी दुपारी दोन्ही कुड्या नानांच्या कामाच्या पाटावर होत्या. चार वाजता एकच होती.

दोन ते तीन आमचं शटर अर्धं खाली असायचं. पप्पा वर जेवायला यायचे, नाना खालीच डबा खायचे. म्हणजे त्या तासात दुकानात एकटे नानाच. पप्पांनी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त त्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि गुरुवारी सकाळी मी जिन्यात ते वाक्य ऐकलं.

मी खाली गेले तेव्हा नानांनी मान वर केली नाही. पाटावरची कानस पुसत हळूच म्हणाले, "माय, मी नही लिधं. तुन्हा मशीनमा बठ्ठं दिखस ना? मंग देखी ले."

मी वर येऊन टेप मागे नेली. बाहेर लख्ख ऊन होतं, आई गच्चीवर पापड उलटत होती. तिसरा चौकोन म्हणजे नानांच्या पाटावरचा कॅमेरा. दोन वाजून सतरा मिनिटं. नाना उड्या मारत जेवत होते — हात भाकरीवर, हात तोंडाशी, तांब्या वर, तांब्या खाली. जागेवरून उठले नव्हते.

त्यांच्या शेजारी अक्का केर काढत होती.

ती उड्या मारत नव्हती. हे मला सगळ्यात आधी दिसलं, ती अक्का आहे हे नंतर. कोपऱ्यातले सेकंदाचे आकडे थांबत थांबत बदलत होते, नाना थांबत थांबत हलत होते, आणि त्यांच्या मधून ती सलग, संथ, नेहमीच्या चालीने मागे सरकत होती. डाव्या हातात कुंचा. पाटापाशी ती जरा थांबली, पाटाखालून काहीतरी सुपलीत ओढलं. उंबऱ्यावर कुंचा तीनदा आपटला. टेपला आवाज नसतो. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मागच्या खोलीकडे गेली. चौथा चौकोन मागच्या खोलीचा होता. त्यात ती आली नाही.

मी तो भाग चार वेळा बघितला. मग पीसीओवर जाऊन धुळ्याला आबांना फोन लावला. कोण दिसलं ते सांगितलं नाही, एक बाई दिसते एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "जुनी कॅसेट शे ना? मंग खालचं दिखस."

पुसलेलं लग्नच खालून दिसतंय, हे पटण्यासारखं होतं. पण त्या लग्नात अक्का कॅमेऱ्यासमोर आलीच नव्हती, विधवेने येऊ नये म्हणून स्वतःच मांडवामागे बसली होती. आणि तिच्यामागे आमचा कूलर दिसत होता. तिच्या पाठीने अर्धा झाकलेला. तो कूलर आम्ही ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात घेतला.

बाराच्या सुमाराला मी पप्पांना वर बोलावलं. ते पलंगाच्या कडेला बसले. टीव्हीवर अक्का आली, केर काढला, उठून गेली. पप्पांनी चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"जुन्या कॅसेटचा दोष आहे," ते म्हणाले. "या टेपचा काही भरवसा नाही. पुसून टाक, बेबी."

मग मला कळलं की टेपचा भरवसा नाही म्हटल्यावर जागेवरून न उठलेल्या नानांचाही भरवसा राहत नाही. अक्काला खोटं ठरवून नानांना खरं ठरवता येणार नव्हतं.

पुढचं आधीच सांगते. कुडी त्याच दुपारी मिळाली, अक्काच्या पितळी डब्यात, केरावर वरच पडलेली. डबा पप्पांनी स्वतः खाली काढला, नाना आणि आई समोर होते. लाख कुठेही तडकलेली नव्हती, शिक्का पप्पांचाच. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघितला आणि मगच फोडला. पप्पांनी नानांना वर जेवायला नेलं. आपल्याबद्दल काय ठरलं होतं हे नानांना कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. ते पुढे नऊ वर्षं होते. दुसऱ्या दिवसापासून केर मी काढायला लागले, रस्त्याकडे तोंड करून.

टेप मी पुसली नाही, पण दिवाळीनंतर बघितली तर तिसऱ्या चौकोनात फक्त नाना जेवत होते. बंद डब्यात कुडी कशी गेली ते पप्पांनी शोधलंच नाही.

लोक विचारतात, अक्काला बघून भीती वाटली का? नाही वाटली. ती केरच काढत होती. भीती वाटली ती त्यानंतर. पप्पा उठून दारापर्यंत गेले होते, खाली जाऊन नानांना सांगणार होते, आणि मी त्यांच्यापुढे आयुष्यात कधी शब्द काढला नव्हता. माझा हात रेकॉर्डरवर होता, तो गरम लागत होता. मी म्हणाले,

"पप्पा, खाली जायच्या आधी अक्काच्या डब्याची लाख फोडा."