तेल घालून गेलेला चोर

त्या शिवणकेंद्रातल्या चोरीची आठवण निघाली की आजही मला स्वतःचाच राग येतो.

येरमाळ्याजवळच्या एका गावात दोन समाजांत दगडफेक झाली होती. प्रकरण निवळल्यावर सरकारी अनुदानातून समाजमंदिरात बायकांसाठी शिवणाचं प्रशिक्षण सुरू झालं. मशिनी दहा, आणि अट एकच, दोन्ही समाजांच्या बायकांनी एकत्र बसून शिकायचं. वर्षभर बरं चाललं. मग मिरवणुकीच्या रस्त्यावरून पुन्हा कुरबुर सुरू झाली. शांतता समितीच्या बैठकीत ठरलं, पाच मशिनी वरच्या आळीत न्यायच्या, पाच खालच्या. ज्या सकाळी टेम्पो येणार होता, त्याच सकाळी दहाही मशिनींच्या बॉबिनच्या डब्या गायब झाल्या. खालचा दोरा ज्यात बसतो, ती ही छोटी लोखंडी डबी. तिच्याशिवाय मशीन टाका घालत नाही. कुलूप शाबूत होतं.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा फौजदार होतो. ठाण्यात निनावी फोन आला. खालच्या आळीतला मोटार रिवाइंडिंगवाला आदल्या दिवशी केंद्रातून बाहेर पडताना दिसला होता. दगडफेकीच्या गुन्ह्यात त्याचं नाव होतं आणि चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर त्याची सही होती. या चोरीत अडकला असता तर तो थेट आत गेला असता, आणि गाव पुन्हा पेटलं असतं. हे मला कळत होतं, तरी मी त्याला उचलून आणला.

दोन तास विचारपूस केली. केंद्रातला पंखा दुरुस्त केला आणि चावी तिथं शिकणाऱ्या आपांना दिली, यापलीकडे तो काही सांगेना. डब्या कुठं ठेवल्यास म्हटलं की तो विचारायचा, "कसली डबी, साहेब?" मुरलेला गडी आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पंचनाम्याला माझ्याबरोबर ठाण्यातल्या एक महिला हवालदार होत्या. त्यांची आई शिवणकाम करायची. त्या एकेका मशीनपुढे वाकून बघत राहिल्या. डबी काढलेल्या जागेतला दोऱ्याचा कचरा पुसलेला होता, तेलाचा ताजा थेंब दिला होता आणि सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली चिंधीची घडी होती. दहाही ठिकाणी तसंच. डबी काढली की साफ करायचं, तेल द्यायचं, पुढच्या कापडाला डाग पडू नये म्हणून चिंधी ठेवायची, असं वर्गात शिकवलेलं. हवालदारबाई म्हणाल्या, "सर, चोरी करताना मशीनला तेल कोण घालतं?"

मी शिकणाऱ्या बायकांना बोलावलं. कोणावर आवाज चढवावा लागला नाही. वरच्या आळीतल्या काकू आणि खालच्या आळीतल्या आपा, दोघी पन्नाशीच्या, एकदमच पुढं आल्या.

"त्येला सोडा साहेब," काकू म्हणाल्या. "आमी दोघींनी काढल्यात. मशिनी दोन जागी गेल्या की आमीबी दोन जागी. मंग आमाला परत एका जागी कोण बसवणार हाय?"

डब्या दोघींच्या घरी पाच-पाच सापडल्या. वरच्या आळीत जायच्या मशिनींच्या डब्या आपांकडे आणि खालच्या आळीत जायच्या मशिनींच्या काकूंकडे. एकीवाचून दुसरीचं मशीन चालू नये, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती.

मशिनी वाटून टाकायची सूचना बैठकीत मीच केली होती. भांडणाऱ्यांना लांब ठेवलं की शांतता राहते, एवढंच मी नोकरीभर शिकलो होतो. बंदोबस्तापुरतं ते ठीक आहे. पण गावाला रोज एकमेकांसमोर बसायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते मोडायला मीच निघालो होतो. स्टेशन डायरीत 'वस्तू मिळून आल्या, तक्रार नाही' अशी नोंद केली आणि मशिनी जागेवरच राहाव्यात असा अहवाल पाठवला. रिवाइंडिंगवाल्याला सोडलं, पण माफी मागितली नाही. वर्दीचा तोरा आडवा आला.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम त्या गावात उतरलो. केंद्र चालू होतं. तिथंच रिवाइंडिंगवाला भेटला, तेव्हा सगळ्यांसमोर माफी मागितली.

"साहेब," तो म्हणाला, "ती डबी कसली असती, ते म्या अजून बघितलं न्हाय."

आपांनी आपल्या मशीनमधली डबी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. तो ती उलटीसुलटी करून बघत होता, तोवर शेजारच्या काकूंनी त्या मशीनला तेलाचा थेंब दिला आणि पायाखाली चिंधी सरकवली.