साठ पानांची रसद

माझ्याकडे चारशे घोडे होते आणि त्यांतल्या एकालाही मी कधी चारा घातला नव्हता.

घोडे म्हणजे चिंचोके. गाड्या म्हणजे काड्यापेट्या, आणि त्यांना शर्टाच्या बटणांची चाकं. (कोणाच्या शर्टाची, हे आमचे वडील, आबा, आठवडाभर विचारत होते.) प्लायवूडवर खानदेशचा नकाशा काढून मी आणि माझी धाकटी बहीण सुमी रोज संध्याकाळी जुन्या काळातली लढाई खेळायचो. मी लळिंगच्या किल्ल्याला वेढा घालायचो, सुमी किल्ल्यात बसायची. नियम सगळे माझे. घोडागाडी तासाला किती कोस जाते, किती पोती ओढते, अर्ध्या वाटेवर किती विसावा घेते, सगळं वहीत लिहिलेलं.

"दादा, तुझे घोडे खातात काय?" सुमी दरवेळी विचारायची.

"ते गृहीत धरलंय."

"म्हणजे उपाशी."

"म्हणजे गृहीत!"

अशात सुमीचं लग्न ठरत आलं. मुलगा धुळ्याचा, चांगला होता. प्रश्न त्याच्या वडिलांचा, नानांचा. एका ठिकाणी पानात तूप उशिरा वाढलं म्हणून नाना भर पंगतीतून उठून आले होते आणि ती सोयरीक तिथेच मोडली होती. सुमीला मात्र हा मुलगा मनापासून आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच किल्ला जिंकला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

साखरपुडा आमच्या जळगावच्या घरी होता. बेत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, पाहुणे पन्नास. केळीची साठ पानं असोद्याला मामांच्या मळ्यातून आणायची होती. आबा म्हणाले, "सकाळच्या एसटीने जा, पानं टपावर टाक अन् ये." मी म्हणालो, टांगा नेतो. खरं कारण सांगितलं नाही. मला वहीतले नियम प्रत्यक्ष रस्त्यावर तपासायचे होते. (बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी! विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.)

असोद्यात पानं लादून झाल्यावर टांगेवाले सुपडूभाऊ म्हणाले, "भाऊ, घोड्याले चारून घेऊ का? सकायपासून उपाशी आहे."

"नको, वेळेचं गणित बिघडेल."

"बरं. तुमी शिकेल मानसं."

अर्ध्या वाटेवर चहाची टपरी लागली. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं विसावा. घोडा सोडून टांग्याच्या मागे बांधला, कारण सावली तिथे होती. पानंही तिथेच होती. मी टांग्याकडे पाठ करून बाकड्यावर बसलो (डोळ्यांवर ऊन येत होतं) आणि वहीत लिहिलं: विसावा पंधरा मिनिटं. घोड्याची प्रकृती उत्तम. चारा शून्य.

मागून कराकरा आवाज येत होता. मला वाटलं, कोणीतरी ऊस खातंय.

सुपडूभाऊ चहा फुंकत म्हणाले, "भाऊ, घोड्याचं गनित सुटलं वाटते."

वळून पाहिलं. खाववली तेवढी पानं घोड्याने खाल्ली होती आणि उरलेली ओढून पायाखाली तुडवली होती. धड बारा राहिली होती. मी मोजेपर्यंत अकरा झाली.

घरी पोचलो तर धुळेकर आलेले. दारात सुमी उभी होती. तिने माझ्या हातातली पानं पाहिली, मागचा रिकामा टांगा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा, नाना उठून गेले ना, तर मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

आजवर तिच्या किल्ल्याची रसद मी शंभरदा तोडली होती, पण तिला असं रडवेलं कधी पाहिलं नव्हतं.

आईने शेजारपाजारहून ताटं, ताटल्या, मिळेल ते गोळा केलं. पंगत बसली. नानांसमोर पान, त्यांच्या भावांसमोर पान, पुढे जर्मनची ताटं, आणि नवरदेवाच्या वाट्याला परात! नानांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि बट्टी कुस्करता कुस्करता हात थांबवला.

"बाकीना पानं कोठे शेतस?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. "नाना, चूक माझी आहे. घोड्याने खाल्ली." मग वही, नियम, चिंचोके, सगळं सांगून टाकलं. सांगताना माझीच मला लाज वाटत होती.

नानांनी विचारलं, "घोडं सकायपाईन उपाशी व्हतं?"

"हो."

"मंग त्यानं काय चुकनं?" नानांनी बट्टी कुस्करायला घेतली. "जे घरमा घोडं बी पंगतले बसस, ते घरनी पोर कोणलेच उपाशी ठेवाव नही. वाढा."

आतून सुमीचं हसू ऐकू आलं, आणि मी तुपाची वाटी घेऊन नानांकडे धावलो.

लग्न धुळ्याला झालं. मुलीचा भाऊ म्हणून मला मान मिळाला, काम मात्र नानांनी स्वतः नेमून दिलं: वरातीच्या घोड्यापुढे दाण्याचा तोबरा धरणे. सुमीच्या अल्बममध्ये मी चार फोटोंत आहे. चारही फोटोंत माझ्या हातात तोबरा आहे आणि चारही फोटोंत घोडा माझ्यापेक्षा बरा आला आहे. त्याचं नाव राजा, हे तिच्या सासरी अजून सगळ्यांना आठवतं. शेजारचा माणूस कोण, ते सुमीला सांगावं लागतं.