डाव्या हाताने काढलेली जाळी

आमचं लग्न झालं तेव्हा हे भिलाईला ड्राफ्ट्समन होते. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. जेवढा जमिनीवर दिसायचा त्यापेक्षा किती तरी जास्त तो कागदावर होता, आणि त्यातले बरेच कागद यांच्या टेबलावरून जायचे. रशियन नकाशे समोर ठेवून शाईने ट्रेसिंग करायचं, हे यांचं काम. यांच्या रेघेचं ऑफिसात कौतुक होतं. घरी मी अंगणात रांगोळीचे ठिपके घालायला बसले की दारातूनच म्हणायचे, "तुही ओळ डावीकडे चालली, पाह्य."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ऑफिसातून येताना यांच्या सायकलीसमोर कुत्रं आडवं आलं. हे उजव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. हाड जुळेल, पण बोटांची पकड पहिल्यासारखी येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून यांनी बोलणं टाकलं. ओरडणं नाही, चिडचिड नाही. व्हरांड्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ऑफिसातली मंडळी भेटायला आली की झोपल्याचं सोंग घ्यायचे. मी चहा करून त्यांना वाटेला लावायची. जेवताना मी भात कालवून द्यायची, हे डाव्या हाताने चमचा धरायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

दारात आमची गाडी उभी होती. रायपूरचे एक डॉक्टर विलायतेला निघाले होते, त्यांच्याकडून स्वस्तात घेतलेली जुनी काळी विलायती मोटार. दर रविवारी हे ती धुवायचे; ऑफिसला मात्र पेट्रोल वाचवायला सायकलच. आता तिच्यावर कारखान्याची तांबूस धूळ बसत चालली होती, आणि दवाखान्यात जायचं तर आम्ही रिक्षाने जात होतो. खड्डा आला की हे डोळे मिटून घ्यायचे.

सासूबाई तुमसरकडच्या. मुलाचा हात मोडला म्हणून गावाहून आल्या होत्या. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "मोटार दारात उभी हाय अन् माया पोरगा रिक्शात हादरे खाऊन रायला. तू कावून नाई शिकत वं?"

"मी?"

"मंग काय मी? मी तुयापेक्षा लहान होती तवा बंडी हाकत होती. बैलाले मन असते, तो बिथरते. हे तं लोखंड हाय."

मला वाटलं हे खाटेवरून नाही म्हणतील. यांनी भिंतीकडेच तोंड ठेवलं. म्हणून मीच किल्ली घेतली.

शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शेवटी हेच डाव्या बाजूला बसले. बोलायचे ते कामापुरतं. "क्लच सोड. हळू. आता दुसरा." वसाहतीच्या सेक्टरांमधले रस्ते तेव्हा रुंद आणि मोकळे होते, संध्याकाळी एखादी सायकल जायची तेवढीच. पोरं फाटकांवर चढून आम्हाला बघायची. कोण्या बाईने गाडी चालवावी, ही त्यांच्यासाठी सर्कसच होती. मला मात्र मजा येऊ लागली होती.

आणि एका संध्याकाळी वळणावर गाय आली. मी चाक फिरवलं आणि ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं. रस्त्याच्या कडेला नवी झाडं लावली होती, प्रत्येक रोपाभोवती विटांचं गोल कुंपण. गाडी सरळ त्यातल्या एकावर गेली. गाय वाचली, रोपही वाचलं. पण मोटारीच्या तोंडावरची जाळी चेपली. उभ्या पट्ट्या होत्या तिला, चकचकीत, वर निमुळत्या आणि मधे फुगीर. दोन तुटून पडल्या होत्या, बाकीच्या आत वाकल्या होत्या आणि त्यांच्यावरचा मुलामा सालपटासारखा निघाला होता.

हे खाली उतरले. जाळीकडे बघत उभे राहिले. मग चालत घरी निघून गेले.

गाडी मी एकटीने घरापर्यंत आणली. 

दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन गाडीपुढे बसले. जाळी काढून नेली तर कोणी तरी नीट करून देईल, एवढंच डोक्यात होतं. नट हलेना. व्हरांड्यातून आवाज आला, "वरचे नको काढू. खालचे पयले. नाई तं जाळी साऱ्या वजनाने खाली येईन."

त्या सकाळचं ते यांचं पहिलं वाक्य होतं. मी खालचे नट काढले.

जाळी गोणपाटात गुंडाळून सासूबाई आणि मी रिक्षाने पावर हाउसच्या बाजारात गेलो. तिथे एक सरदारजी गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवून द्यायचे. त्यांनी जाळी उलटसुलट करून बघितली. "भाभीजी, ये तो अब कलकत्ते में भी नहीं मिलेगी. पट्टी मैं बना दूँगा. लेकिन हर पट्टी का घुमाव अलग है. नक्शा बनवा के लाओ, पूरे नाप का."

सासूबाई लगेच मला म्हणाल्या, "नकाशा? तं घरीच चाल वं."

घरी येऊन मी काय झालं ते सांगितलं. हे म्हणाले, "मंग काढ तू."

मी जमिनीवर कागद पसरला, एक धड पट्टी त्यावर ठेवली आणि कडेने पेन्सिल फिरवली. पट्टी सरकली. पुसलं, पुन्हा काढलं. हे खाटेवरून बघत होते ते मला पाठीला कळत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "तसं नाई. पट्टी गोल हाय, तिची सावली काढून काय होते? आधी मधली रेघ घे. मंग तिच्यापासून अंतरं मोज."

"कोणती मधली रेघ?"

"अवं, मधली म्हणजे मधली!"

हे उठले. माझ्याशेजारी मांडी घालून बसले आणि पेन्सिल डाव्या हातात धरली. पहिली रेघ अशी थरथरली की मी दुसरीकडे बघितलं. हे थांबले. प्लास्टरचा हात कागदावर ठेवून त्याच्या वजनाने कागद दाबला, आणि पुन्हा सुरुवात केली. मी पट्टी धरायची, मोजायची, आकडा सांगायची. हे ठिपका द्यायचे. दुपार सरली. सासूबाईंनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

नकाशा काही देखणा नव्हता. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी होती. पण सरदारजींनी तो बघितला आणि दुसरं काही विचारलं नाही. पट्ट्या तंतोतंत बसल्या.

मुलामा चढवायची सोय आसपास नव्हती, म्हणून रंगच द्यायचं ठरलं. काळा द्यावा असं माझ्या मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "तोंड कावून काळं करता? चांदीवानी करा." मी काचकागदाने प्रत्येक पट्टी घासली, लाल प्रायमर दिला आणि वर चंदेरी रंग. पहिला हात वाळायच्या आत त्यावर धूळ बसली. सगळं पुन्हा घासावं लागलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं व्हरांड्यात तंबूसारखं बांधलं आणि आम्ही दोघं त्याच्या आत वाकून बसलो. मी ब्रश चालवत होते. हे म्हणाले, "थेंब येऊन रायला, तिथे." मग म्हणाले, "मले वाटे, आता आपलं संपलं."

मी ब्रश थांबवला नाही. थांबवला असता तर हे पुढे बोलले नसते.

"रेघच नाई तं मी ऑफिसात काय करू? चपराशी होऊ?" आणि बराच वेळ बोलत राहिले. भीतीबद्दल, आपल्या वडिलांबद्दल, माझ्याकडून भात कालवून घेताना काय वाटायचं त्याबद्दल. लुगड्यातून ऊन गाळून येत होतं आणि रंगाच्या वासाने डोकं भणभणत होतं. मी पुढच्या पट्टीला रंग लावायला घेतला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यात गाडी मी नेली. नव्याने रंगवलेली जाळी जुन्या काळ्या गाडीवर फारच उठून दिसत होती, हसू येण्याइतकी. उजव्या हाताची पकड पुढे बरीच आली, पण शाईची ती रेघ काही आली नाही. यांना दुसऱ्यांचे नकाशे तपासायचं काम मिळालं. सुरुवातीला ते यांना लागलं. मग हळूहळू नवी पोरं मुद्दाम यांच्याकडे कागद घेऊन यायला लागली, कारण हे चूक दाखवायचे तेव्हा शेजारी बसून दाखवायचे.

गाडीचं चाक यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. सासूबाईंना गावी सोडायला तुमसरपर्यंत मीच गाडी नेली. त्या मागे पदर सावरून ताठ बसल्या होत्या, आणि हे माझ्या डाव्या हाताला, खिडकीतून बाहेर बघत, वाटेतल्या गावांची नावं सांगत.