होळीत गेलेलं स्टेज

आमच्या गावात नाटकाचं स्टेज घरोघरच्या फळ्यांचं असायचं. भात झोडून झालं की खळ्यात रिकामी पिंपं मांडायची आणि प्रत्येक घराने त्यावर आपली एक फळी आणून टाकायची. ज्याची फळी नाही, त्याने नाटकाला नावं ठेवायची नाहीत, असा रिवाजच होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्रामपंचायतीने सांस्कृतिक भवन मंजूर करून आणलं आणि आम्ही हुरळून गेलो. आता पक्कं स्टेज येणार, मग या किडक्या फळ्या हव्यात कशाला? त्या शिमग्याला सगळ्या होळीत टाकल्या. पहिली मी टाकली, वर बोंबही मीच मारली.

भवन झालं. किल्ली ग्रामसेवकाच्या बॅगेत, आणि तो शहापूरहून मनात येईल तेव्हा यायचा. तालमीसाठी किल्ली मागितली तर म्हणाला, "अर्ज द्या, मासिक सभेत ठेवतो." अर्ज देऊन चपला झिजल्या. तोवर आत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आणि मोडकी टेबलं येऊन बसली. शेवटी म्हटलं, खळ्यातच करू. तर एकही घर नवी फळी देईना. "पंचायतीचं स्टेज हाय ना? मंग आमी कशाला द्यायची?"

नाटक बंद पडलं ते पडलंच. काही वर्षांनी त्याच भवनात ज्येष्ठ कलावंत म्हणून मला शाल-नारळ मिळाला, आणि मी तो निर्लज्जासारखा घेतला. आजही टपरीवर चहा पिताना पंचायतीला मनसोक्त शिव्या घालतो. पहिली फळी कोणी टाकली, ते तेवढं सांगत नाही.