घरजावई आणि हवेची गळती

आमचे भाऊजी घरजावई आहेत. हे मी चिडवायला म्हणत नाही. ते काम गल्लीने चौदा वर्षं चोख केलंय. बाबांचं गॅरेज खरं तर माझ्या गळ्यात पडायचं. मी कारकुनी शिकून निसटलो आणि ताईचं लग्न होताच बाबांनी जावयाच्या हातात पाना दिला. राहायला गॅरेजच्या वरची एक खोली. खाली हातोडा पडला की वर ताईच्या कपबश्या वाजतात.

म्हणून बस डेपोच्या वर्कशॉपात हेड मेकॅनिकची जागा निघाली तेव्हा मीच त्यांचा अर्ज भरला. नोकरीबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. परीक्षा दुपारी तीनला. एकदा दार बंद झालं की नंतर कुणाला आत घेणार नव्हते. ताईने शर्टाला इस्त्री केली. एक वाजता मी मोटारसायकल घेऊन हजर झालो, तर शर्ट खुंटीवर आणि भाऊजी एका टर्बोच्या गाडीत कमरेपर्यंत बुडालेले.

"डॉक्टरीणबाईंची आहे," बाबा म्हणाले. "चढावर दम टाकते, काळा धूर सोडते. मीच बघितली असती, पण ती बारीक शिट्टी मला आता ऐकू येत नाही."

"येत नाही की यायला नको?"

हेही बाबांना ऐकू आलं नाही.

दुखणं तसं साधं. टर्बो हवा दाबून इंजिनाला पाठवतो. वाटेत पाइप फाटला की हवा मधेच पळते. भाऊजींची रीत अशी: नळाच्या बुचापासून केलेलं झाकण टर्बोच्या तोंडावर घट्ट बसवायचं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा बेताने आत सोडायची आणि सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी मारायचं. फेस फुगला तिथे चोर.

पावणेदोनला चोर सापडला. वरच्या रबरी पाइपला बोटभर चीर होती. नवा पाइप चढला.

"चला," मी म्हणालो.

"परत हवा मारतो."

"अहो, सापडला ना?"

"मोठा ओरडत असताना धाकट्याचा आवाज कुठे येतो?"

घड्याळ नसतं तर मलाही पटलं असतं. पुन्हा झाकण, पुन्हा हवा. खाली, हवा थंड करणाऱ्या जाळीपाशी, एका सांध्यावर बारीक बुडबुडे आले. भाऊजी वाकले ते तसेच राहिले.

"हा क्लॅम्प माझ्याच हातचा आहे," ते म्हणाले. "मागच्या वर्षी बसवला, घाईत. तोंडावरचं तेल पुसलंच नाही. तेलावर पाइप सरकतो, मग कितीही आवळा."

आणि आश्चर्य म्हणजे बाबाच म्हणाले, "जा तू. एवढ्याने गाडी बंद पडत नाही. उद्या बघू."

चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं होतं. मी किक मारली. भाऊजींनी शर्टाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि बंपरचे स्क्रू सोडवायला बसले. बंपर काढल्याशिवाय तिथवर हात जात नाही.

"अहो भाऊजी, तीनला दार बंद होतं!"

"माझी चूक तिच्या गाडीत ठेवून मी कुठल्या तोंडाने परीक्षा देऊ?"

"त्याच तोंडाने. सगळे तसेच देतात."

ते हसले, पण हात थांबले नाहीत. मी मोटारसायकल बंद केली.

ताई जिना उतरून आली. तिने घड्याळ पाहिलं, सुटलेला बंपर पाहिला. आता वीज कोसळणार म्हणून मी मुकाट बाजूला झालो.

"किती वेळ लागेल?"

"तासभर," भाऊजी तिच्याकडे न बघता म्हणाले.

ती खालच्या पायरीवर बसली. तीन वाजले तेव्हा भाऊजी पाइपचं तोंड पुसत होते, बोट फिरवून बघत होते, पुन्हा पुसत होते.

"बाबा," ताई म्हणाली, "आता जागा निघेल त्या दिवशी गॅरेज बंद. कुलूप मी लावणार, किल्ली माझ्याकडे."

"आणि निघालीच नाही तर?"

गाडीखालून हात बाहेर आला.

"कोरडं फडकं द्या कुणीतरी."

तिने दिलं.