दाराबाहेरची मीना

“काकू, लवकर वर या. आई आतून ओ देत नाहीये...” मीनाच्या मुलाचा, समीरचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मुलुंडच्या आमच्या इमारतीत तिचं घर माझ्या घराच्या अगदी वर. गेले तर समीर बाथरूमबाहेर हाका मारत उभा आणि आत नळ वाहतोय. आई आंघोळीला असताना दार ढकलायचा त्याला धीर होईना. मी ढकललं, लगेच उघडलं. आतली कडी मीनाने मागेच काढून टाकली होती. पण उपयोग झाला नाही, तिचं हृदय थांबलं होतं.

कडीचं हे खूळ तिने वॉर्डातून आणलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ती एका सरकारी इस्पितळाच्या मनोरुग्ण वॉर्डात, बायकांच्या मदतीला जायला लागली आणि मलाही ओढलं. “डोकं फिरलंय का तुझं?” मी विचारलं, तर म्हणाली, “मग चल ना, योग्य जागीच जातोय.” केस विंचरायचे, गप्पा मारायच्या, आंघोळीच्या वेळी दाराबाहेर थांबायचं. तिथल्या दारांना आतून कडी नसते. कोणी जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून बाहेरून सारखी हाक मारायची, “आहेस ना गं?” आतून “आहे” आलं की पुढची हाक. नोकरी ऑपरेटरची, त्यामुळे लाइन गप्प झाली की मीना दारच ठोठवायची.

तिथे कोकणातली शेवंता होती. भावाने आणून सोडली आणि परत फिरकला नाही. एकदा तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कोणाशी बोलायची नाही, फक्त मीनाच्या हाकेला “आहे” म्हणायची.

शेवटच्या काही महिन्यांत मीनाच्या छातीत दाटून यायचं. तेव्हाच तिने घरची कडी काढली आणि समीरला हाका मारायला लावलं. “तूच भरती हो आता वॉर्डात,” मी चिडवलं. एरवी खो खो हसली असती. त्या दिवशी म्हणाली, “माझा आवाज बंद झाला तर शेवंताचं काय होईल गं?” मला ते अजिबात आवडलं नाही. मी विषय बदलला...

ती गेल्यावर आम्ही मदतीला जाणाऱ्या बायकांनी ठरवलं, शेवंताला इतक्यात कळू द्यायचं नाही. सांगितलं, ताई गावाला गेल्यात. शेवंताने आमच्याकडे पाहिलं. “माझो भाव पण गावाकच गेलो,” एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग आंघोळ बंद, जेवण बंद. सिस्टरने तिची खाट आपल्या टेबलासमोर ओढून घेतली. कोणी जिवाचं काही करून घेईल अशी भीती असली की तसं करतात.

पुढच्या खेपेला सिस्टरला विचारून मी तिच्याजवळ बसले. “शेवंता, आम्ही खोटं बोललो. मीना वारली, आंघोळ करताना.” ती माझ्याकडे वळली. मग विचारलं, “तेवा भायेर कोण होता?”

“तिचा मुलगा. हाका मारत होता.”

ती उठली, पंचा घेतला आणि न्हाणीत गेली. नळ सुरू झाला. “आहेस ना गं?” मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नुसतं पाणी. सिस्टर धावत आली. मी दारावर हात ठेवला, तोच आतून आवाज आला, “तू भायेर आसस मा?”

“आहे,” मी म्हटलं. थोड्या वेळाने आतूनही “आहे” आलं.

आता तिथे मी उभी असते. शेवंता ओ देते, कधी उशिरा देते, तेवढ्यात माझा जीव अर्धा होतो. माझ्या घरात मी एकटीच. तरी आंघोळीला जाताना कडीकडे गेलेला हात मागे घेते. बाहेर कोणी नसतं, हे मला ठाऊक आहे. पण नळ सोडला की मध्येच वाटतं, विचारतेय... आणि मी मोठ्याने सांगते, “आहे गं, मीना. अजून आहे.”