हिर्डोशीच्या चित्राची तपासणी

स्वारगेटवरून भोरची सकाळची एस.टी. माझ्या डोळ्यांदेखत सुटली. कंडक्टरने मला धावताना पाहिलं, माझ्या काखेतली पुठ्ठ्याची लांब नळी पाहिली आणि तरीही घंटी मारली, अशी माझी पक्की खात्री आहे. माझा स्वभावच तसा. दूधवाला जरा जास्त हसला की मी आधी पातेल्यात बघतो. आणि या स्वभावामुळेच मंडळाने या कामासाठी माझी निवड केली होती.

काम असं होतं. पुण्यातल्या एका कलामंडळाने त्या वर्षी हायस्कुलातल्या मुलामुलींसाठी चित्रस्पर्धा ठेवली होती. पहिल्या येणाऱ्याला मॅट्रिकपर्यंत शिष्यवृत्ती, वसतिगृहात राहण्याची सोय आणि मी जिथे चित्रकला शिकवतो त्या शाळेत प्रवेश. आम्हा तिघा परीक्षकांनी जे चित्र एकमताने वर काढलं, ते भोरच्या एका शाळेतून आलं होतं. नाव कमल, इयत्ता नववी, गाव हिर्डोशी. चित्रात भातलावणी करणाऱ्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या, आणि वरून कोसळणारा पाऊस. खोडरबराची एक खूण नाही. चौदा वर्षांच्या मुलीने असं चित्र काढावं? ते आम्हाला पटेना. "मास्तरनेच काढलंय," एक परीक्षक म्हणाले. दुसऱ्यांच्या मते ते कॅलेंडरवरून उतरवलेलं होतं. मी म्हटलं, जाऊन बघतो.

भोरची गाडी गेली म्हणून साताऱ्याच्या गाडीत बसलो. कापूरव्होळच्या फाट्यावर उतरायचं होतं, पण डुलकी लागली आणि डोळे उघडले ते किकवीला. हॉटेलवाल्याने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "काय तपासनी का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कागदाची नळी हाय. शिवाय बाकडं पुसून बसला तुमी."

मागे फिरून भोरला पोहोचेपर्यंत दुपार उलटली. गावात शिरताच भिजलेल्या कौलांचा आणि तळलेल्या भज्यांचा वास आला. एरवी मी दोन्हींची मजा घेतली असती, पण तपासणीला निघालेल्या माणसाला भजीही संशयास्पद वाटतात. न खाताच शाळा गाठली.

चित्रकलेचे शेटे मास्तर मूळचे वेल्ह्याकडचे, अंगाने किरकोळ. मला पाहून त्यांनी दोनदा खुर्ची पुसली. कमलची वही मागितली तर कपाट उघडायला किल्ली सापडेना, किल्ली सापडली तर वही सापडेना. शेवटी मिळाली. मी पानं उलटली आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. वहीतली केळी, घागरी, फुलपात्रं सगळी भित्री, कुठे जाड कुठे पुसट. त्याहून महत्त्वाची गोष्ट छायेच्या रेघांची. वहीतल्या तिरक्या रेघा वरच्या उजव्या कोपऱ्याकडून खाली डावीकडे उतरत होत्या. स्पर्धेच्या चित्रातला पाऊस मात्र बरोबर उलटा, वरून डावीकडून खाली उजवीकडे. माणसाची रेघेची सवय सहसा बदलत नाही. चित्र काढणारं माणूस वेगळं होतं, यात मला शंका उरली नाही.

"मास्तर, जरा या फळ्यावर पाऊस काढून दाखवा," मी सहज विचारल्यासारखं म्हटलं.

मास्तरांनी खडू घेतला आणि पाऊस काढला. उजवीकडून डावीकडे. म्हणजे मास्तरही नव्हेत!

"चित्र कुणी काढलं, मास्तर?"

त्यांचा चेहरा उतरला. "सर, खरं सांगतो. तिनं ते घरून गुंडाळून आणलं. मी काढताना बघितलं न्हाई."

"आणि फॉर्मवर 'माझ्यासमक्ष काढले' म्हणून तुमची सही?"

"सही समदेच करतात, सर. अर्जाची शेवटची तारीख होती. पोरीचं वय चौदा. औंदा शिष्यवृत्ती न्हाई मिळाली तर बाप शाळेतनं काढणार, लग्न जमवणार. तसं त्यानं सांगितलंय मला." वही मिटून ते म्हणाले, "तुम्ही जाऊन तिला बघा तरी. लावणीला गावी गेलीय ती."

रात्री मास्तरांच्याच घरी मुक्काम केला. त्यांच्या पत्नीने गरम भात, पिठलं आणि वर तुपाची धार वाढली. तूप जरा जास्तच वाढलं असं मला वाटलं, आणि मी त्याचाही अर्थ लावत बसलो.

सकाळी हिर्डोशीकडची गाडी धरली. भोर सोडलं की रस्ता वरंध घाटाच्या दिशेने डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची खाचरं (भाताची बांध घातलेली वावरं), त्यात गढूळ पाणी आणि मधूनच रोपांचा इतका हिरवा तुकडा की रंगपेटीत तो रंग सापडणार नाही. हे मी तेव्हा वहीत टिपलं आणि लगेच स्वतःला बजावलं की आपण निसर्ग बघायला आलेलो नाही. पुढे ओढ्याला पाणी आलं होतं. ड्रायव्हरने गाडी थांबवली, "आता पायी," म्हणाला आणि बिडी पेटवली. नळी डोक्यावर धरून मी ओढा ओलांडला. एक चप्पल ओढ्याने घेतली.

एका चपलेने गावाजवळ पोहोचतो तर वेगळाच प्रकार. लांबून खाचरात आठदहा पुरुष दिसत होते. मी जवळ गेलो तोवर एकही उरला नाही. फक्त बायका वाकून लावणी करत होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर इरलं (पानांचं, पाठ झाकणारं पावसाळी आच्छादन). बांधावर एक म्हातारी उभी होती.

"आजी, माणसं कुठे गेली?"

"डोंगराला."

"एवढ्या पावसात? कशाला?"

"तुमी आला म्हून." तिने माझी पिशवी, नळी, कागद सगळं नजरेने तपासून घेतलं. "आपरेशनवालं न्हवं का तुमी?"

त्या वर्षी कुटुंबनियोजनाची माणसं नसबंदीच्या याद्या घेऊन गावोगाव हिंडत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी असा संशय घेतल्याची ही पहिलीच वेळ, आणि मला ती अजिबात आवडली नाही. घाईघाईने मी नळीतून चित्र काढलं आणि छत्रीखाली धरलं.

"मी चित्रांचा मास्तर आहे, आजी. हे बघा."

म्हातारीने पाहिलं आणि हाक मारली, "अगं ये गंगे, हिकडं ये. तू कागदावर हाईस!"

चिखलाचे पाय घेऊन बायका गोळा झाल्या. कॅलेंडरची शंका तिथेच मिटली. "ही म्या. माजं इरलं हितं उसावलंय बगा." "आन् ही पारूआक्का, कमरंवर हात ठिवल्याबिगार उभीच ऱ्हात न्हाई." एकीचंही तोंड चित्रात नव्हतं, तरी सगळ्यांनी स्वतःला पाठीवरून ओळखलं.

"कुणी काढलंय हे?" मी विचारलं.

एकदम सगळ्या गप्प. एकमेकींकडे बघून त्या पुन्हा खाचरात उतरल्या. काहीतरी लपवताहेत, मी मनात म्हटलं.

कमलचं घर गावाच्या वरच्या अंगाला. बाप धोंडिबा डोंगरातून परतला होता, पण माझा पिशवीवरचा हात सुटेपर्यंत दारात आला नाही. कमल काटकुळी, मोठ्या डोळ्यांची, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मी येण्याचं कारण सांगितलं. कागद आणि पेन्सिल पुढे ठेवून तिला म्हटलं, "माझ्यासमोर पाऊस काढ. आणि लावणी करणारी एक बाई."

आई चुलीपाशी, बाप उंबऱ्यावर. दोघंही तिच्याकडे टक लावून बघत होते. कमलने पेन्सिल उजव्या हातात धरली आणि काढू लागली. वहीत होती तशीच भित्री रेघ. बाई कसली, पोत्याचं बोचकं झालं. पाऊस उजवीकडून डावीकडे.

"हे चित्र तुझं नाही," मी म्हणालो.

ती खाली मान घालून बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. आईने माझ्यापुढे नाचणीची भाकरी आणि कुर्डूची पालेभाजी ठेवली. खोटं पकडलेल्या घरात जेवणं मला जड गेलं, तरी भूक फार होती. जेवताना मी धोंडिबाला समजावलं की मला खरं तेच लिहावं लागेल, आणि मग शिष्यवृत्ती मिळणार नाही. "आसं व्हय," एवढंच तो म्हणाला. कमल इरलं घेऊन पुन्हा लावणीला निघून गेली.

परतीच्या गाडीला वेळ होता. खाचराच्या बांधावरून एका चपलेने लंगडत जाताना मी उगीच थांबलो. बायका रांगेने मागे मागे सरकत लावत होत्या. सगळ्यांच्या डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने एकेक रोप चिखलात. रांगेच्या टोकाला एकजण मात्र उलटी होती. मूठ उजव्या हातात, आणि डावा हात इतका भरभर चालत होता की बाकीच्या तिच्या मागे पडत होत्या.

ती कमल होती.

मी बांधावरच नळी उघडली. चित्रातही रांगेच्या टोकाची आकृती डाव्या हातानेच रोप लावत होती. तिने स्वतःलाही काढलं होतं, आणि आम्हा तिघा शहाण्यांनी ती चूक समजून गुण कापले होते. पाऊस डावीकडून उजवीकडे का पडतो तेही आता कळलं. डाव्या हाताची रेघ तशीच पडते. हे मला, चित्रकलेच्या शिक्षकाला, आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही याचं कारण सांगायची मला लाज वाटते. अठरा वर्षांत माझ्या वर्गात डाव्या हाताने पेन्सिल धरणारा एकही विद्यार्थी मी राहू दिला नव्हता. त्यासाठी पट्टी वापरत होतो.

मी कमलला हाक मारली. धोंडिबाही धावत आला.

"तू डाव्या हाताने काढतेस?"

"तसं काय न्हाई, सायेब," धोंडिबा मध्येच म्हणाला. "ल्हानपनी हुती वाईच डावरी. आता मोडलीय सवय. हितल्या साळंतबी मोडली मास्तरनं."

"मग हे चित्र?"

कमल पुटपुटली, "गुरं राखताना काढलं. तितं कोण बगत नव्हतं."

मी सांगितलं की अहवालात हे लिहिलं की प्रश्न मिटेल. धोंडिबाने हात जोडले. "तेवडं लिवू नगा. आमच्यात डाव्या हातानं वाडलेलं कोण खात न्हाई. पोरीचं जमायचं हाय. कागदावर डावा हात गेला की जन्माचं झालं. आमी गावात कुनालाबी सांगू देत न्हाई."

त्या बायका का गप्प झाल्या ते आता कळलं. "पण न लिहिता शिष्यवृत्ती कशी मिळेल, धोंडिबा? बाकीच्या दोघांपुढे मला कारण द्यावं लागेल."

एकदा वाटलं, काहीतरी थातुरमातुर लिहून देऊ, पण तिला पुण्यात मंडळापुढे पुन्हा काढावं लागणारच होतं. कितीदा लपवायचं?

कमलने कमरेला खोचलेल्या आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याला हात पुसले. पुढे येऊन तिने माझ्या खिशातलं पेन मागितलं. "द्या, गुर्जी." मी पिशवीतून काढून दिलेल्या तिच्या अर्जाच्या पाठीवर, माझ्या छत्रीखाली, बापासमोर आणि खाचरातल्या सगळ्या बायकांसमोर तिने डाव्या हाताने पाऊस काढला. त्याखाली वाकलेली बाई. तिचा एक हात कमरेवर, म्हणून ती कोण ते मला कुणी सांगावं लागलं नाही; डोकावून बघणारी पारूआक्का हसली. मग तिने त्याच हाताने खाली सही केली.

"लिवा आता," ती म्हणाली.

धोंडिबा ओढ्यापर्यंत मला पोहोचवायला आला. गाडी पलीकडे उभी होती. पाण्यात पाय टाकण्याआधी त्याने मला थांबवलं.

"गुर्जी, ती तुमच्याच साळंत यायची न्हवं?"

"हो."

"तितं हातावर कोन मारनार न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी नजर काढून घेतली आणि ओढ्यात उतरलो.

अहवाल गाडीतच लिहिला. मंडळात थोडी वादावादी झाली, पण अर्जाच्या पाठीवरचं चित्र पाहून दोघांनी सह्या केल्या. शिष्यवृत्ती कमलला मिळाली. मला वाटलं होतं की प्रवास तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी माझा पहिला तास सहावीवर होता. मुलांना पाऊस काढायला सांगितला आणि बाकांमधून फिरू लागलो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला येताना पाहिलं आणि पेन्सिल झटकन डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. इतक्या सफाईने की किती दिवसांची सवय असेल कोण जाणे. गेल्या वर्षापासून ती माझ्यासमोर बसत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "त्याच हाताने काढ."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पट्टीकडे. पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात बाकाखाली घेतले.